टिंबशेठ

त्याच्यासमोर 'सरासरी' हा शब्द निघाला की तो हातातलं काम खाली ठेवायचा. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि बोलणाऱ्याकडे असा बघायचा, जणू त्या माणसाने भरल्या ताटात चप्पल ठेवली आहे.

"सरासरीनं कुनाचं पोट भरलंय का आजवर? सरासरी नवऱ्याला कुनी पोरगी दिलीया का? टिंबं दाखवा मला. एकेक टिंब दाखवा, मग तोंड उघडा."

टिंब म्हणजे आलेखावरचा ठिपका. मशीनवरून एक नग निघाला, तो मोजला, की त्याचं एक टिंब. आमची पद्धत वेगळी होती. दिवसभराच्या कामाची एकच सरासरी काढायची, ती ठळक अक्षरात छापायची आणि मीटिंगमध्ये दाखवून चहा प्यायचा. ती बरी आली की आम्ही खूश. तो मात्र खुर्चीत चुळबुळत राहायचा आणि शेवटी म्हणायचाच, "एक पाय चुलीत आन् एक पाय बर्फात ठिवा, सायेब. सरासरी झ्याक येती."

चाकणच्या आमच्या कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या मशीनला माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी तो टिंबशेठ. शेठ अशासाठी, की तो तिथल्याच जुन्या गावातला. घरच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, भावांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, खोदाईची यंत्रं घेतली. हा एकटा पुण्याला जाऊन संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि आमच्या क्वालिटी विभागात नोकरीला लागला. पगाराची त्याला गरज नव्हती, त्यामुळे भीतीही नव्हती. शिक्षणाने त्याची भाषा तसूभरही बदलली नाही. दिल्लीचे पाहुणे येवोत की परदेशातले, तो आपला 'व्हय' आणि 'न्हाई'वर ठाम.

मी त्या विभागाचा प्रमुख होतो.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चिंचवडला मुलाकडे असतो. हे लिहायला बसलो त्याला कारण माझी सून. ती हिंजवडीत एका कंपनीत आहे. मध्यंतरी एके संध्याकाळी ट्रॅफिकमधून सुटून घरी आली आणि पाण्याचा ग्लास हातात घेऊनच म्हणाली, "बाबा, आज आमच्या ट्रेनिंगमध्ये चाकणच्या एका कारखान्याची गोष्ट सांगितली. तुमचीच कंपनी वाटली मला. एका ऑपरेटरच्या अंधश्रद्धेमुळे माल परत येत होता म्हणे, आणि कंपनीने महागडं सॉफ्टवेअर घेऊन ते शोधून काढलं. कोण होता हो तो ऑपरेटर?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ऑपरेटर, अंधश्रद्धा, महागडं सॉफ्टवेअर: त्या वाक्यातल्या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. आणि त्या खोट्या राहिल्या, कारण मी गप्प बसलो. आता मुलाच्या वयाची पोरं ट्रेनिंगच्या पडद्यावर तेच पाहून शिकतात म्हटल्यावर गप्प बसवेना.

तर आधी सॉफ्टवेअरचं सांगतो.

टिंबशेठचं सगळं काम चालायचं ते 'आर'वर. नाव एवढंच, एक अक्षर. संख्याशास्त्राची गणितं करायला आणि आलेख काढायला जगभरातल्या लोकांनी मिळून वाढवलेली ही एक प्रोग्रामिंगची भाषा. पैसे पडत नाहीत. आतला सगळा मजकूर उघडा असतो. कुणीही वाचावा, चूक दिसली तर सांगावी, सुधारून परत द्यावी. माझ्या पिढीच्या माणसाला यात काहीतरी गोम आहे असं वाटणारच. मला तर फारच वाटली, कारण त्याच सुमारास मुख्य कचेरीने एक परदेशी सॉफ्टवेअर विकत घेऊन माझ्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बसवलं होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती.

मग फर्मान आलं: ज्याचं बिल नाही, ते कंपनीच्या कॉम्प्युटरवर नाही. मी टिंबशेठला बोलावलं.

"ह्याचं बिल दाखव."

"सायेब, हवंचं बिल हाय का तुमच्याकडं?"

"चेष्टा नकोय. ऑडिटला काय दाखवू?"

"बरं. करू की बिल." आणि त्याने खरोखरच खरेदी विभागाकडे मागणी नोंदवली. वस्तू: आर. किंमत: शून्य. पुरवठादाराच्या जागी त्याने लिहिलं: जग. खरेदीवाल्यांच्या कॉम्प्युटरला शून्य किंमत चालेना, आणि 'जग' या पुरवठादाराचा पिन कोड मिळेना. तो विषय पूर्ण विभागाला आठवडाभर पुरला. खरेदीचा मॅनेजर माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुमच्या माणसाला आवरा राव, तो मला विचारतोय जगाचा जीएसटी नंबर काय." मला हसू आलं नाही. मी आर सगळ्या कॉम्प्युटरवरून काढायला लावलं आणि टिंबशेठला मागच्या बाजूला, भंगाराच्या यार्डाला लागून असलेल्या, गेज म्हणजे मोजमापाची साधनं ठेवायच्या खोलीत पाठवलं.

तो गेला, तेही शीळ घालत. तिथे रद्दीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर पडला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच्यावर आर चालू. मी आवाज चढवला, तर म्हणाला, "भंगाराला कसलं बिल मागता, सायेब? हे तर कंपनीच्या लेखी जित्तंच न्हाई."

त्या खोलीत त्याचं साम्राज्य उभं राहिलं. भिंतीभर टिंबांचे आलेख. मधोमध कांद्याच्या एका अडत्याने वाटलेलं तिथीवारांचं कॅलेंडर. कॉम्प्युटर हळू चालला की तो त्याच्याशी बैलाशी बोलावं तसं बोलायचा, "चल की बाबा, टेकाड सरलं." चूक झाल्याचा संदेश आला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वर खूश व्हायचा: "बघा, ह्यो निदान तोंडावर सांगतो. मान्सं सांगत्यात का?"

गोल चकतीचे तुकडे पाडून टक्के दाखवणारे आलेख असतात, त्यांच्यावर त्याचा विशेष राग. एकदा कँटीनच्या दारावर एचआरने तसली रंगीत चकती लावली होती. त्याने ती काढून आचाऱ्याच्या हातात दिली. "भाकर हाय ही. कोरड्यास असंल तर वाढा, न्हाईतर मोडून टाका."

एका दुपारी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन कँटीनमध्ये आला. सगळ्यांना वाटलं, शेठचं लग्न ठरलं.

"कुणाकडची हो?"

"लगीन न्हाई रं. माझा स्वल्पविराम जगानं घेतला."

झालं होतं असं, की आरच्या कुठल्याशा मदतीच्या पानावर एका उदाहरणात स्वल्पविराम राहून गेला होता आणि ते उदाहरण चालत नव्हतं. याने कळवलं. ते पान सांभाळणाऱ्या कुणा परदेशी बाईने दुरुस्ती करून उलट आभार मानले. "म्हंजी बघा," पेढा वाटताना तो सांगत होता, "ब्राझीलमधी कुनी ते पान उघडलं, तर त्यात चाकनचा एक स्वल्पविराम हाय." मी पेढा घेतला आणि मनात म्हणालो, या माणसाचं काही खरं नाही. आज वाटतं, पन्नास माणसांचा विभाग चालवूनही जगात कुठे माझा एक स्वल्पविराम नाही.

त्याचा आणखी एक हट्ट होता. मोजलंच नाही तिथे आमची माणसं शून्य लिहून मोकळी व्हायची. रकाना रिकामा दिसला तर वरचे रागावतात, म्हणून. आरमध्ये माहीत नसलेल्या आकड्याला 'एनए' म्हणतात, आणि तो एनए गणितात लपत नाही. उत्तरात पुन्हा वर येतो. टिंबशेठ सुपरवायझरांना ओळीने उभं करून सांगायचा, "कोरं म्हंजी शून्य न्हाई! माहीत न्हाई तर माहीत न्हाई म्हना. लाज कसली?" चाकणमध्ये एनए म्हटलं की लोकांना बिगरशेती प्लॉट आठवतो. एका सुपरवायझरने प्रामाणिकपणे विचारलं, "शेठ, गुंठ्याचा भाव काय चाललाय?" 

आता मूळ प्रकरण.

पंपावर बसणारं ॲल्युमिनियमचं एक कव्हर आम्ही बनवायचो. गिऱ्हाईक उत्तरेकडची मोठी कंपनी. अचानक कव्हरं परत यायला लागली. पंपातून तेल पाझरतंय, कारण कव्हराची तासलेली बाजू किंचित तिरकी. प्रत्येक नगावर तारीख आणि मशीनचा नंबर कोरलेला असतो, त्यामुळे एवढं लगेच कळलं की परत आलेले जवळजवळ सगळे नग आमच्या लाइनच्या पहिल्या मशीनवरचे आहेत. त्या मशीनवर पहिल्या शिफ्टला बालाजी असायचा.

बालाजी लातूरकडचा. थेरगावात एका खोलीत बायको आणि दोन लेकींसह राहायचा. कामाला नेटका, बोलायला कमी. आम्ही मशीन तपासलं, मशीन ठीक. शिफ्टचा पहिला नग तपासायचो, ठीक. शेवटचा तपासायचो, ठीक. मग उरला माणूस. गिऱ्हाइकाला काहीतरी कारवाई दाखवायची होती. मी बालाजीच्या निलंबनावर सही केली आणि चौकशी लावली. चौकशीचा शेवट काय होणार ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एकदा 'माल बिघडवला' असा शिक्का बसला की या पट्ट्यात दुसरी कंपनी दारात उभं करत नाही.

तो रोज गेटवर येऊन उभा राहायचा. माझी गाडी आली की पुढे व्हायचा.

"सायब, म्या काय केलो ते तरी सांगा. चुकी दावा, म्या पाया पडतो. पर चुकी दावा."

मी काच वर करायचो. चूक दाखवता येत नव्हती. माझ्या केबिनमधलं महागडं सॉफ्टवेअर दर आठवड्याला किती नग परत आले त्याचे रंगीत खांब काढून देत होतं. सगळे खांब जवळपास सारख्याच उंचीचे. त्यातून काही दिसत नव्हतं. आणि बालाजीला घरी बसवल्यानंतर त्याच मशीनवर बनलेले नगही परत येत होते. हे मी कुणाला बोललो नाही.

गिऱ्हाइकाने शेवटची मुदत दिली तेव्हा मी परत आलेल्या नगांची माहिती पेन ड्राइव्हवर घेतली आणि भंगाराच्या यार्डाकडे चालत गेलो.

"या सायेब. खुर्ची न्हाई, गेजच्या पेटीवर बसा." टोमणा नाही, प्रश्न नाही. त्याने माहिती आत घेतली, चार ओळी टंकल्या आणि पडद्यावर टिंबं उमटली. आडव्या रेषेवर नगावर कोरलेला, तो बनल्याचा दिवस; प्रत्येक खराब नगाचं एक टिंब. परत आल्याचे आठवडे सोडून नग बनल्याचा एकेक दिवस मोकळा केला होता त्याने.

टिंबं पसरलेली नव्हती. लांब लांब मोकळी जागा, मग एक दाट झुबका. पुन्हा मोकळी जागा, पुन्हा झुबका.

तो खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावून बघायला लागला. "म्हैन्यातनं एकदा. पन तारीख एक न्हाई. बगा, दर म्हैन्याला जराशी अलीकडं सरकतीया. पगाराची तारीख सरकत न्हाई. तेल बदलायची सरकत न्हाई. सायेब, कशाची तारीख अशी सरकती?"

त्याने मान वर केली आणि कांद्याच्या अडत्याच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिथी दाखवणाऱ्या कॅलेंडरवर अमावस्येच्या चौकोनात काळा गोळा छापलेला असतो.

"आवस," तो म्हणाला. "आयला, आवस!"

मग त्याने कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं आणि प्रत्येक दिवसापुढे तिथी भरायला बसला. मी वाचायचो, तो टंकायचा. इंग्रजी तारखा काढून टाकून त्याने तीच टिंबं तिथीवर मांडली. जवळजवळ सगळे झुबके सरकत सरकत एकावर एक येऊन बसले. अमावस्येवर. मी म्हणालो, "म्हणजे चंद्राचा काही परिणाम...?"

"थांबा." त्याचं बोट एका झुबक्यावर होतं. तो एकटाच एक दिवस अलीकडे, चतुर्दशीवर पडला होता. "ही एक टोळी आगाऊ आली. का?" त्याने पान उलटलं, बोट फिरवलं आणि टेबलावर थाप मारली. "ती आवस गुरुवारी व्हती!"

चाकण-भोसरीकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी कारखाना बंद होता.

"चंद्राला गुरुवारची सुट्टी नसती, सायेब. सुट्टी मान्साला असती. आवसंला कुनीतरी त्या मशीनला कायतरी करतंय, आन् सुट्टी आली तर आदल्या दिवशी उरकून घेतंय. आवसंला काय करता तुमी लायनीवर?"

"पूजा करतो," मी म्हणालो. "पहिल्या मशीनची. हार घालतो. नारळ फोडतो."

"कुठं फोडता?"

"मशीनवरच. आत, नग बसतो त्याच्या कोपऱ्यावर."

"कोन फोडतं?"

"मी."

विभागप्रमुख या नात्याने तो मान माझा होता. सकाळी पहिला नग तपासून झाला की पूजा, हे ठरलेलं. बालाजी नारळ धुऊन माझ्या हातात द्यायचा आणि मी तो त्या लोखंडी कोपऱ्यावर एका फटक्यात फोडायचो. एका फटक्यात फुटला की सगळे टाळ्या वाजवायचे. पाणी फडक्याने पुसलं की झालं, असा आमचा समज.

टिंबशेठने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचं लक्ष पुढे गेलं होतं. "नारळाचं पानी गोड. पुसलं तरी चिकट ऱ्हातं. नग ज्या टेकूंवर बसतो त्यांच्यावर ते वाळतं, त्याला ॲल्युमिनियमची बारीक चुरी चिकटती, नग एका अंगाला उचलला जातो, आन् तासला जातो तिरका. दुपारपत्तुर मशीन गार ठिवनाऱ्या कूलंटच्या पान्यानं समदं धुऊन निघतं, म्हनून तुमचा शेवटचा नग चोख. बराबर हाय का?"

बरोबर होतं. गोष्ट इतकी साधी होती. आणि पूजा लाइनवर चालायची, हा पलीकडे यार्डात बसायचा; मी त्याला तिथे पाठवलं नसतं तर त्याने ती पहिल्याच महिन्यात बघितली असती.

"पन हे समदं अजून आपल्या डोक्यातलं हाय," तो म्हणाला. "सिद्ध कराया पायजे. येत्या आवसंला गिऱ्हाइकाला बोलवा. आन् बालाजीला मशीनवर उभा करा."

"तो निलंबित आहे."

"मग उठवा की! ज्याच्यावर आळ हाय त्योच मशीनवर पायजे. न्हाईतर उद्या म्हनत्याल, मानूस बदलला म्हनून माल सुदारला."

मी एका दिवसापुरतं निलंबन उठवलं.

त्या अमावस्येला सकाळी लाइनवर गर्दी झाली होती. गिऱ्हाइकाचा मॅनेजर दिल्लीहून आला होता, हातात वही, तोंडावर अविश्वास. टिंबशेठने आपला भंगारातला कॉम्प्युटर ढकलगाडीवर घालून आणला आणि कँटीनची पांढरी चादर भिंतीला बांधून तिच्यावर पडदा केला. दोन मशीन शेजारी शेजारी. पहिल्यावर बालाजी. दुसऱ्यावर माने, लाइनमधला सगळ्यात नावाजलेला ऑपरेटर, ज्याचा नग आजवर परत आला नव्हता. नारळ कोणत्या मशीनवर फोडायचा, हे टिंबशेठने स्वतः ठरवलं नाही. मॅनेजरच्या हातात नाणं दिलं. "साब, आप उडाओ. नहीं तो बाद में कोई बोलेगा हमने पैले से तय किया था."

छापा पडला. नारळ मानेच्या मशीनवर.

"ए शेठ, माझ्या मशीनवर नको ना राव!" माने कळवळला. "आजवर डाग नाही लागला मला."

"म्हनूनच तर मजा हाय, भावा. तुज्या हातून वंगाळ नग निघाला तर कुनाच्या बाचं काय चालतंय?"

मी नारळ फोडला. फुटला एका फटक्यात. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दोन्ही मशीन सुरू झाली. प्रत्येक नग निघाला की तो किती तिरका ते मोजायचं, आकडा ओरडून सांगायचा, टिंबशेठ भरणार आणि चादरीवर टिंब उमटणार. बालाजीची निळी, मानेची तांबडी. मधोमध मर्यादेची रेषा.

सुरुवातीला दोन्ही रंग रेषेखाली. मॅनेजरने घड्याळ बघितलं. बालाजी मान वर करत नव्हता, पडद्याकडे बघत नव्हता. नग चढवायचा, दार लावायचा, नग काढायचा. मग एक तांबडं टिंब वर सरकलं. त्यानंतरचं आणखी वर. आणि पुढचं रेषा ओलांडून पार गेलं.

"गेलं रे गेलं!" मागून कुणीतरी ओरडलं. माने कपाळाला हात लावून हसायला लागला. तांबडी टिंबं एकामागून एक रेषेच्या वर, आणि खाली निळी टिंबं, पेरणीच्या तिफणीने ओढावी तशी सरळ ओळीत. मशीन थांबवून मॅनेजरने स्वतः मानेच्या मशीनमधल्या टेकूवर बोट फिरवलं. बोटाला चिकट चंदेरी चुरी लागली. त्याने ते बोट वर धरलं, आणि अख्ख्या शेडने असा काही गलका केला की पलीकडच्या लाइनची माणसं धावत आली.

मी बालाजीजवळ गेलो. "तुझी चौकशी बंद. उद्यापासून कामावर ये." त्याने मान वर केली तेव्हा डोळे वाहत होते. म्हणाला, "उद्या कशाला सायब? आजची शिफ्ट हायच की." आणि त्याने पुढचा नग मशीनवर चढवला.

मॅनेजरने टिंबशेठला विचारलं, "यह कौन सा सॉफ्टवेयर है? हमें भी चाहिए. किससे लेना पड़ेगा?"

"लेना क्या है? आपका भी है वो."

"मतलब?"

"सबका है, साब. घर जाके उतार लो."

मग मॅनेजर वही उघडून म्हणाला, "नारियल कौन फोड़ता था? रिपोर्ट में लिखना पड़ेगा." सगळी लाइन आपल्या बुटांकडे बघायला लागली. सगळ्यांना माहीत होतं. टिंबशेठ म्हणाला, "हात किसका, ये कॉलम मैंने लियाच नहीं. काम का नहीं था. जगह का कॉलम काम का था. जगह बदलो."

त्याने मला वाचवलं असं मी तेव्हा समजलो. त्याने वाचवलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने खरंच तो रकाना बिनकामाचा होता. पुढे मुख्य कचेरीतून अहवाल टाइप होऊन आला, त्यात छापलं होतं: ऑपरेटरने अंधश्रद्धेपोटी नारळ फोडला, कंपनीच्या अधिकृत सॉफ्टवेअरने दोष शोधला. मी त्याच्यावर सही केली. टिंबशेठने ती प्रत वाचली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "सायेब, कोऱ्या रकान्यात तुमी नाव भरलंत," एवढंच म्हणाला. त्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी मात्र तो रोज काढत आलो, मनातल्या मनात.

म्हणून आता जे आहे ते लिहितो. नारळ मी फोडत होतो. तो बालाजीने फोडला नाही. ती अंधश्रद्धाही नव्हती; वर्षभर ज्या यंत्रावर पोट चालतं त्याच्यापुढे हात जोडण्यात मला आजही काही गैर वाटत नाही. चूक जागेची होती, आणि ती जागा मी निवडली होती. आणि दोष शोधला तो टिंबशेठने, भंगारातल्या कॉम्प्युटरवर, आरने. हे मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या ट्रेनरला मेल करते. तुमचं नाव घालू?" मी म्हटलं, घाल.

टिंबशेठलाही मी हे लिहिलेलं वाचून दाखवलं. नोकरी सोडून तो आता गावातल्या शाळेच्या वर्गात पोरांना आर शिकवतो, चाकणच्या बाजारातल्या कांद्याच्या भावांची टिंबं काढायला लावतो. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं. "समदं बराबर हाय," म्हणाला. "पन मला लई शाना दावलाय तुमी. चुकलो किती वेळा, तेबी लिवा की." तेही लिहिलं पाहिजे. तो अनेकदा चुकायचा, आणि दर वेळी सगळ्यांच्या देखत चुकायचा.

त्या पंपाच्या कव्हराचं काम आमच्याकडेच राहिलं. त्या चाचणीनंतरच्या अमावस्येला पूजा झाली, मशीनला हार घातले, आणि नारळासाठी शेडच्या दाराबाहेर एक मोठा दगड आणून ठेवला होता. बालाजीने नेहमीसारखा नारळ धुतला आणि माझ्यापुढे धरला. मी त्याचे हात धरून ते परत त्याच्याकडे वळवले. तो गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. माने ओरडला, "फोड की लातूरकर, वाट कसली बघतोस!" बालाजीने नारळ डोक्यावर नेला आणि दगडावर असा आपटला की पाणी थेट माझ्या पँटपर्यंत उडालं. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं. त्या दिवसभराची टिंबं रेषेखाली राहिली, दोन्ही मशीनची. संध्याकाळी शिफ्ट सुटताना कुणीतरी "टिंबशेठचा विजय असो" अशी आरोळी ठोकली, आणि यार्डाच्या खिडकीतून त्याचा आवाज आला:

"एका म्हैन्यानं काय सिद्ध होत न्हाई रं! पुढची आवस बघू!"

पुढची अमावस्याही आम्ही बघितली. आणि तिच्या पुढचीही.